घर निघालं शाळेला

गुरुवारी संध्याकाळपर्यंत निळ्या आघाडीकडे वापरायचं राहिलेलं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे पणजी. बाकी सगळं घराणं वापरून झालं होतं.

शाळेचा वर्धापन आठवडा आला की बेटावरच्या आमच्या पुएर्तो अलेर्से गावाचे दोन तुकडे पडतात. अर्धी शाळा निळी, अर्धी तांबडी, आणि पोरांच्या मागोमाग आईबाप, आजीआजोबा, खाटीक, नावाडी सगळे रंगतात. पाद्री तेवढे पिवळा मफलर गुंडाळून दोन्हीकडचं जेवतात. दोन आघाड्यांच्या दोन राण्या उभ्या राहतात आणि रोज एक परीक्षा होते. सोमवारी टकलू माणसं गोळा करायची होती. मंगळवारी कपड्याला कपडा बांधून जास्तीत जास्त लांब साखळी करायची होती. त्यात निळ्या राणीच्या, म्हणजे यास्नाच्या आजोबांनी अंगावरची विजार दिली आणि अंधार पडेपर्यंत शाळेच्या पडद्यामागे उभे राहिले, कारण नंतर ती गाठ कुणाला सुटेना. बुधवारी सगळ्यात म्हातारा कोंबडा आणायचा होता. निळ्यांचा कोंबडा म्हातारा होता यात वाद नाही, पण तो परीक्षकांच्या समोरच मेला, आणि नियमात 'जिवंत' असा शब्द होता.

तांबडे थोडे पुढे गेले. आता शेवटची परीक्षा उरली. ती चिठ्ठी टाकून निघते, आणि निळ्यांच्या नशिबी निघालं: एकाच घराण्याच्या चार पिढ्या, शनिवारी, राणीला मुकुट चढायच्या आधी, शाळेच्या आवारात हजर. जमलं तर मुकुट यास्नाला. नाही जमलं तर तांबड्यांच्या नायारेतला.

चार पिढ्या जिवंत होत्या. यास्ना, तिची आई मिर्था, मिर्थाचे वडील रोसामेल, आणि रोसामेलची आई उबेर्लिंदा, म्हणजे पणजी. अडचण एवढीच की पणजीने साठ वर्षांपूर्वी शपथ घेतली होती: या शाळेच्या जमिनीला माझं पाऊल लागणार नाही.

त्या वर्षी मुकुट पणजीच्या डोक्यावर चढला होता. टाळ्या झाल्या, बँड वाजला, आणि मग कुणीतरी मुख्याध्यापकांच्या कानात सांगितलं की मोजण्यात गफलत झालीय. त्यांनी मुकुट काढला, त्यात तिचे दोनचार केसही आले, आणि तो तसाच, केसांसकट, दुसऱ्या राणीच्या डोक्यावर ठेवला. दुसरी राणी म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण ओतिलिया. ओतिलियाने तो ठेवून घेतला. पणजीच्या मते तिने नको म्हणायला हवं होतं. त्या दिवसापासून बहिणी बोलत नाहीत. रोसामेलचा निरोप समारंभ पणजीने कबरस्तानाच्या टेकडीवरून पाहिला. मिर्थाचा पाहिला तो खाडीत होडी उभी करून.

"पणजी," यास्नाने सुरुवात केली.

"नाही," पणजी म्हणाली. ती चुलीशेजारी बसून बटाटे किसत होती.

"मी अजून काही बोललेच नाही."

"तू 'पणजी' म्हणालीस. एरवी तू आल्या आल्या 'खायला काय आहे' म्हणतेस."

मिर्था पुढे सरसावली. यास्नाचा राणीचा झगा तिने स्वतः शिवला होता आणि तो वाया जाणं तिला मान्य नव्हतं. "आजी, फक्त पाच मिनिटं."

"साठ वर्षं थांबले ते काय पाच मिनिटांसाठी?"

"आई, आम्ही तुला खुर्चीसकट उचलून नेऊ," रोसामेल म्हणाला. "पाय जमिनीला टेकणारच नाहीत."

"मी काय मिरवणुकीतली संत फिलोमेना आहे?"

"संत फिलोमेना हलकी आहे," रोसामेल पुटपुटला. तो दरवर्षी तिला खांदा देतो.

"मग असं करू," मिर्था म्हणाली. "तुझ्या बुटात आपल्या शेतातली माती भरू. म्हणजे पाऊल आपल्याच मातीवर राहील."

पणजीची किसणी थांबली. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"पाद्रींच्या."

"तरीच. देवाला चालेल ते. ओतिलियाला चालणार नाही. ती बूट काढायला लावून बघेल."

यास्ना खाली मान घालून बटाट्याच्या साली गोळा करत होती. "नायारेत सगळ्या वर्गासमोर म्हणाली," ती हळूच म्हणाली, "की तुमच्या घरात मुकुट टिकत नाही."

"कोण म्हणालं?"

"नायारेत."

"म्हणजे ओतिलियाची पणती. म्हणजे ओतिलियाच." पणजीने किसणी बाजूला ठेवली आणि हात पुसले. तेवढ्यावरून मिर्थाला कळलं की बाण लागला. पण लागूनही म्हातारी जागची हलेना. तिला यास्नासाठी मुकुट हवा होता, यास्नापेक्षाही जास्त हवा होता, आणि शपथही मोडायची नव्हती.

"मग काय आता घर उचलून न्यायचं?" रोसामेल वैतागून म्हणाला. माणूस 'मग काय आता डोकं फोडून घेऊ' म्हणतो, तसं.

पणजीने छताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. "हे घर शेवटचं कधी हललं होतं?"

"आजोबा असताना. किनाऱ्यावरून ओढत इथे आणलं तेव्हा," मिर्था म्हणाली.

"म्हणजे त्याला सवय आहे," पणजी म्हणाली आणि पुन्हा बटाटे किसायला लागली. "मी माझ्या घराबाहेर पाऊल टाकणार नाही. आता घरच कुठे निघालं तर त्याला मी काय करू?"

*

शुक्रवारी सकाळी एलिसेर न्याहारीला बसला होता आणि दारातून त्याचा मावसभाऊ रोसामेल येताना दिसला. टोपी हातात, बूट पुसलेले. बेटावर माणूस असा दोनच कारणांनी येतो: घरात कुणी गेलं तर, नाहीतर मिंगाचं आवतण द्यायला. घर ओढायचं असलं की गावाला हाक घालायची, गावाने बैल घेऊन यायचं, ज्याचं घर त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, ती मिंगा. एलिसेरच्या अंगावर तांबडा सदरा होता. त्याने मनातल्या मनात आशा केली की कुणीतरी गेलं असेल.

"भावा, विनंती घेऊन आलोय," रोसामेल म्हणाला.

"घर कुठलं, दिवस कुठला?" एलिसेरच्या तोंडून गेलंसुद्धा. या वाक्याला हेच उत्तर असतं. बापाने दिलं, आज्याने दिलं, जीभ आपोआप वळते.

"आईचं घर. उद्या."

"आणि न्यायचं कुठे?"

"शाळेच्या मैदानात."

टेबलाच्या त्या टोकाला नायारेतचा चमचा खाली पडला. तांबड्यांची राणी केसांना गुंडाळ्या लावून बसली होती. "आजोबा, नाही म्हणा."

"मिंगाला नाही म्हणता येत नाही."

"का?"

"कारण कुणी म्हणत नाही."

"बार्रिया म्हणाले होते."

"म्हणाले होते. मग त्यांच्या आजीची शवपेटी त्यांनाच उचलावी लागली. चढावर दोनदा खाली ठेवली."

"पण घर पोचलं की त्या चार पिढ्या मैदानात येतात, आणि मग मुकुट यास्नाला. म्हणजे माझा मुकुट माझेच आजोबा आपल्या बैलांनी ओढून तिला देणार."

एलिसेरने रोसामेलकडे पाहिलं. "बाकी कुणाकुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. निळ्यांकडे बैलजोड्या दोनच आहेत, त्यातली एक लंगडी. उरलेल्या तुम्हा तांबड्यांच्याच. पण सगळे येतो म्हणाले." रोसामेलने टोपी हातात फिरवली. त्याला लाज वाटत होती आणि मजाही येत होती, आणि यातलं कुठलं लपवावं ते ठरत नव्हतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत ओतिलिया माते, म्हणजे कडू पाल्याचा चहा, पीत बसली होती. नळी तोंडातून न काढता ती म्हणाली, "ती आत बसून येणार?"

"हो, मावशी."

"चूल पेटलेली ठेवून?"

"म्हणते मिंगाच्या लोकांना पाव लागेल, भाजत भाजत येते."

"मग घर डावीकडे कलेल. चूल डावीकडे आहे. उजवीकडे काहीतरी जड ठेवा. तिचं कपाट ठेवा."

एलिसेर आईकडे बघत राहिला. त्या घरात ती उभ्या आयुष्यात गेलेली नव्हती. "तुला गं काय माहीत चूल कुठे आहे?"

"धूर कुठून निघतो ते दिसतं की," ओतिलिया म्हणाली आणि मातेत गरम पाणी ओतलं.

नायारेत उठून गेली. दुपारी गोठ्यात पाहिलं तर एलिसेरच्या क्लावेल आणि लुसेरोच्या शिंगांना तिने लांबलचक तांबड्या फिती बांधल्या होत्या. बैल कुणाचे ते तरी लोकांना कळू दे, असं तिचं म्हणणं.

*

शनिवारी सकाळी घराखाली दोन लांब ओंडके सरकवले, साखळ्या बांधल्या, आणि बैलजोड्या एकापुढे एक लावल्या. मिर्था आत पणजीजवळ बसली, भांडी सांभाळायला. यास्ना झगा वर धरून बाहेर चालत होती, चिखल लागू नये म्हणून. रोसामेल पुढे होता. त्याने आदल्या दिवशी दोरी घेऊन रस्ता, पूल आणि शाळेचं फाटक सगळं मोजून ठेवलं होतं, आणि हे तो भेटेल त्याला सांगत होता.

पहिला हिसका बसला तेव्हा मिर्थाच्या मांडीवर अख्खी ताटाळी आली. मग घर सरकायला लागलं, आणि खिडकीतून शेजाऱ्यांचं कुंपण मागे गेलं.

"आजी, भीती वाटतेय का?"

"गप्प बस, बघू दे." पणजीने खुर्ची खिडकीला लावली होती. "ही ब्लांका बघ. मला म्हणते साबण संपला, आणि वाळत काय घातलंय बघ. चादरीसुद्धा." पुढच्या वळणावर ती म्हणाली, "यांचं डुक्कर एवढं मोठं कधी झालं?" आणि त्याच्या पुढच्या वळणावर, "अरेच्चा, यांना परसात दुसरी खोली आहे. कुणाला ठेवलंय आत?" साठ वर्षांत तिने गाव असं मागच्या बाजूने पाहिलं नव्हतं. पाव भाजून निघत होते आणि ती ते खिडकीतून ओढणाऱ्यांच्या हातात देत होती, तांबड्यांच्या हातातसुद्धा. मात्र तांबड्यांना जरा करपलेले.

कबरस्तानावरून घर गेलं तेव्हा पणजी नवऱ्याच्या क्रुसाकडे बघून म्हणाली, "म्हणायचास ना, ही बाई जागची हलत नाही."

बाहेर निराळीच गंमत चालली होती. तांबड्यांनी ठरवलं होतं की यायचं, पण जोर लावायचा नाही. पण मिंगात बैल कुणाचा ढिला पडला ते गाव मरेपर्यंत लक्षात ठेवतं. एकाने जोर लावला म्हणून दुसऱ्याने लावला. चढ लागला तसा एलिसेर क्लावेलच्या कानाशी ओरडायला लागला, मग सगळेच ओरडायला लागले, आणि टेकडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत ते कुणासाठी ओढताहेत हे एकालाही आठवत नव्हतं. आठवण फक्त नायारेतला होती. ती रस्त्याच्या कडेने चालत प्रत्येकाकडे नाव घेऊन बघत होती.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"आलो आलो, बाजूला हो पोरी, घर येतंय," काका म्हणाले.

शाळेचं फाटक म्हणजे दगडी दोन खांब आणि वर कमान. कमानीवर संस्थापक धर्मगुरूंचा पुतळा आहे आणि बिशपचा आशीर्वाद आहे, त्यामुळे ती पाडायची कुणाच्या मनातही येत नाही. घराचं तोंड फाटकात शिरलं. दोन्ही बाजूला बोटभर जागा उरली. छप्पर कमानीखालून अल्लाद गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रोसामेलने टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला.

मग कर्र असा आवाज झाला आणि घर थांबलं.

बैलांनी आणखी एकदा ओढलं. आत मिर्था, पावाची परात आणि मांजर एकाच कोपऱ्यात जमा झाले. घर हललं नाही. मागचा भाग खांबांना दोन्हीकडून असा घट्ट बसला होता, जणू तिथेच बांधला असावा.

"मी मोजलं होतं," रोसामेल म्हणाला.

"काय मोजलं होतंस?" एलिसेरने विचारलं.

"घर."

"आणि स्वयंपाकघर?"

रोसामेलने त्याच्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "ते स्वयंपाकघर आहे."

एलिसेरने मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली, कारण त्यांनीही तेच केलं असतं. आमच्याकडे घर म्हणजे घर. स्वयंपाकघर मागाहून येतं, घराला मागून चिकटतं, जमेल तितकं वाढतं, आणि त्याला कुणी मोजत नाही. पणजीचं तर तीनदा वाढलं होतं, दोन्ही अंगांनी.

हे एकालाच कळलं नाही, ते म्हणजे मुख्याध्यापक पास्तेन सर. ते उत्तरेकडून बदलून आले होते. शिट्टी गळ्यात आणि नियमांचा कागद हातात घेऊन त्यांनी घराला फेरी मारायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातच अडकले, कारण फाटक भरून गेलं होतं.

"नियम सरळ आहे," शेवटी ते आतल्या बाजूने म्हणाले. "खांबांच्या रेषेच्या आत ते शाळेचं आवार. म्हणजे झोपायची खोली आवारात आली. स्वयंपाकघर रस्त्यावर राहिलं. चारही पिढ्या झोपायच्या खोलीत आल्या, की मी शिट्टी वाजवतो."

यास्ना पुढच्या दाराने आत चढली, झग्याचा घोळ आवरत. रोसामेल आला, मिर्था स्वयंपाकघरातून आली. तिघं ओळीने पलंगावर बसली आणि मधल्या दाराकडे बघायला लागली. पणजी दारापर्यंत आली आणि थांबली.

"ये आजी," मिर्था म्हणाली. "तुझीच खोली."

"कालपर्यंत होती."

"पलंग तुझा, गोधडी तुझी."

"आणि खाली?"

"खाली फळ्या. त्याही तुझ्याच."

"फळ्यांच्या खाली."

"बाई," पास्तेन सर पुढच्या दारातून डोकावले, "नियमाप्रमाणे फळ्यांच्या खाली काय आहे ते बघायची गरज..."

"तुम्ही कोण?"

"मी मुख्याध्यापक."

"माझ्या झोपायच्या खोलीत मुख्याध्यापक कशाला?"

पास्तेन सर उतरले. बाहेर बँडवाले सूर लावायला लागले होते. मुकुटाची वेळ जवळ आली होती. रोसामेल म्हणाला, "आई, तीन पावलं आहेत." मिर्था म्हणाली, "बाबा, तुम्ही मोजू नका." रोसामेल म्हणाला, "म्हणजे आता सगळा दोष माझा?" मिर्था म्हणाली, "नाही, स्वयंपाकघराचा." दोघं भांडायला लागले.

यास्ना मात्र पणजीच्या हाताकडे बघत होती. पिठाने पांढरा झालेला तो हात चौकट घट्ट धरून होता. यास्नाला वाटलं होतं म्हातारी हट्टाने थांबलीय. पणजीलाही तसंच वाटत असावं, सकाळपर्यंत. घरातच बसून जायचं, त्यात काय, असं म्हणून ती निघाली होती. आणि आता तिचा पाय उचलत नव्हता. उचलावा असं तिला वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तो उचलत नव्हता.

यास्ना पलंगावरून उठली. "राहू दे, पणजी," ती म्हणाली आणि मधलं दार ओलांडून स्वयंपाकघरात आली, राणीच्या झग्यासकट चुलीपाशी बसली. "पाव करपतोय."

"मूर्ख आहेस," पणजी म्हणाली.

"असू दे. मुकुट काय, नायारेतच्या डोक्याला मोठाच होईल तो."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत पुढचं दार वाजलं, आणि जड बुटांचा आवाज आला. मिर्था आणि रोसामेल भांडता भांडता तिकडे वळले.

"सरका," कुणीतरी म्हणालं. "मला बसायचंय."

पलंग करकरला. पणजीने मान वळवली. तिच्या पलंगावर, रोसामेल आणि मिर्थाच्या मधोमध, तांबडी शाल पांघरून ओतिलिया बसली होती. चिखलाचे बूट पुढे पसरून.

"गादी कडक आहे," ओतिलिया म्हणाली, समोरच्या भिंतीला. "आणि ही गोधडी आईची ना? म्हणजे तूच नेलीस. मी बिचाऱ्या वहिनीवर संशय घेत राहिले, तिच्या अंत्यविधीलासुद्धा नीट रडले नाही."

"आईने मला दिली," पणजी दारातून म्हणाली. साठ वर्षांनी बहिणीशी काढलेला तो पहिला शब्द, आणि तोही खोटा होता, हे दोघींनाही माहीत होतं.

"आई गेली तेव्हा तू किनाऱ्यावर होतीस."

"आधी दिली."

"आधी आईच पांघरत होती." ओतिलियाने खोलीभर नजर फिरवली. "कपाटावर धूळ बघ. बोटाने नाव लिहिता येईल." आणि तिने वाकून पलंगाशेजारच्या कपाटाचा खालचा खण धरला. "यात काय असतं?"

"ओतिल, हात लावू नकोस."

"का? काय लपवलंयस?"

"काही नाही. हात काढ."

खण करकरत उघडला.

पणजी गेली कशी ते कुणाला दिसलं नाही. यास्ना नंतर सांगायची की वारा गेला असं वाटलं फक्त. चौकट सुटली, तीन फळ्या वाजल्या, आणि पणजीने बहिणीच्या हातावर एक सणसणीत चापटी मारली. तांबड्या शालीवर पिठाची पाच बोटं उमटली. यास्ना तिच्या मागोमाग धावत आत आली, म्हातारी पडेल या भीतीने.

खणात मोजे होते. नुसते मोजे.

दोघी बहिणी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

"उंची कमी झाली तुझी," ओतिलिया म्हणाली.

"तुझे दात कुठे गेले?" पणजी म्हणाली.

खिडकीबाहेर शिडीवर चढलेल्या पास्तेन सरांनी बोटाने एक, दोन, तीन, चार मोजले, पुन्हा मोजले, आणि शिट्टी वाजवली.

*

पणजी काही खाली उतरली नाही. त्यामुळे मंच ओढत ओढत तिच्या खिडकीखाली आणावा लागला आणि यास्नाला मुकुट तिथेच चढला. पणजीने खिडकीतून हात बाहेर काढून तो स्वतः दाबून बसवला. यास्नाला दुखलं.

तांबड्यांच्या बाजूला नायारेत ओतिलियाला गाठून उभी होती. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. "मोठी आजी, तू का गेलीस आत?"

"पाय दुखत होते. बसायला जागा बघितली."

"अख्ख्या मैदानात बाक आहेत."

"ओले होते."

"तुला माहीत होतं ती धावत येणार. तुला माहीत होतं."

ओतिलियाने शालीवरचं पीठ झटकलं. सगळं गेलं नाही. "मला काय माहीत असणार? माझं तिचं बोलणं नाही."

"मी तुझ्याशी पुन्हा कधीही बोलणार नाही," नायारेत म्हणाली.

"तसं नको करू गं," ओतिलिया म्हणाली. "फार वेळ जातो त्यात."

नायारेत रागाने निघून गेली, आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी तिच्याच शेजारी येऊन बसली, कारण किसलेल्या बटाट्याचे मिलकाओ तिथे ठेवले होते. जेवण निळ्यांनी दिलं, तांबडे जास्त जेवले, पाद्री दोन्ही टेबलांवर जेवले. एलिसेर रोसामेलला तिसऱ्यांदा विचारत होता की पूल मोजलास, रस्ता मोजलास, मग मागची बाजू का नाही, आणि रोसामेल तिसऱ्यांदा तेच उत्तर देत होता.

घर फाटकातच राहिलं.

सोमवारी शाळा भरायची होती. शाळेला दुसरं फाटक नाही. एका बाजूला कडा, बाकी तिन्हीकडे काटेरी झुडपं. तेव्हा पोरं रस्त्यावरून स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली, चुलीजवळून, पलंगाच्या बाजूने, पुढच्या दाराने मैदानात उतरली. पणजी दारात चमचा घेऊन उभी होती आणि एकेकाचे बूट काढायला लावत होती. तांबडे, निळे, सगळे. नायारेत आली तेव्हा तिच्याही हातात गरम पावाचा तुकडा पडला, आणि तो करपलेला नव्हता.

सगळ्यात शेवटी पास्तेन सर आले. त्यांनी रविवारचा दिवस गावभर फिरून घालवला होता. लोकांनी त्यांना सांगितलं की हो, घर मागे ओढता येतं, बैल आहेत, माणसं आहेत, अर्ध्या दिवसाचं काम. पण मिंगा मागायची ती ज्याचं घर त्यानेच. ती बाई हाक घालेल, आम्ही येऊ.

"बाई," पास्तेन सर दाराशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही फक्त विनंती करा. लोक लगेच येतील म्हणताहेत."

"येतील की. कुणी नाही म्हणत नाही."

"मग कधी करणार?"

"बघू. आता लोकांचे बटाटे लावायचे दिवस आहेत."

"आणि बटाटे लावून झाल्यावर?"

"मग काढायचे असतात." पणजीने चमच्याने खाली दाखवलं. "बूट."

पास्तेन सरांनी बूट काढले. एका हातात बूट, दुसऱ्या हातात दप्तर घेऊन, मोजे घातलेल्या पायांनी ते चुलीपासून मधल्या दारापर्यंत आले आणि थबकले. पलंगावर, त्या गोधडीत, उशीला टेकून ओतिलिया माते पीत बसली होती. केस सोडलेले, शाल खुंटीला.

"उद्यापासून जरा उशिरा येत चला, सर," ती म्हणाली. "आम्ही अजून उठलेलो नसतो."